पाचच्या पुढचा बारीक आकडा

चार वाजायला दहा मिनिटं होती आणि घड्याळजीची बायको दवाखान्यातल्या खाटेचा कठडा धरून, दात आवळून पडली होती. दुखणं थांबवायची सुई तिने सकाळपासून घेतली नव्हती. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. सुई घेतली की झोप लागेल, आणि मग जाग येईलच असं नाही.

"पाचला पोरगा उतरतोय," ती म्हणाली होती. "त्याचं तोंड बघते, मग काय टोचायचं ते टोचा."

पाच हा आकडा घड्याळजीनेच दिलेला. परदेशातल्या मुलाने सकाळी मोबाईलवर विमानाचं तिकीट पाठवलं होतं. सुटणार सहाला, पोचणार पाचला. म्हणजे अकरा तास. साऱ्या जगात एकच घड्याळ चालतं अशा थाटात त्याने हिशेब करून टाकला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळा लावणारा माणूस, त्याला कोण विचारणार?

फोन वाजला. मुलाचा होता.

"बाबा, आत्ता बसलो विमानात. आई कशी आहे?"

"आत्ता बसलास?" घड्याळजी दाराबाहेर गेला. "अरे, पाचला उतरतोयस ना तू?"

"उद्या, बाबा. इथे आत्ता कुठे सकाळ होतेय. पाचच्या पुढे बारीक एक आहे बघा, तो दुसरा दिवस. साडेतेरा हजार किलोमीटर आहे, मध्ये विमान बदलायचं. पंचवीस तास लागतात." मागे कोणीतरी फोन बंद करायला सांगत होतं. "आईला म्हणावं, येतोय."

घड्याळजीने तिकीट पुन्हा उघडलं. एक होता. डोळ्याला भिंग लावून केसासारखी स्प्रिंग बसवणाऱ्याला तो दिसला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. मग रडू आलं. ते त्याने बाहेरच उरकलं आणि आत गेला.

"कुठवर आला?" तिने विचारलं.

थाप मारायची म्हटलं तरी या बाईसमोर त्याची थाप कधी टिकली नव्हती.

"अहो, किती वेळ आहे?"

"पंचवीस तास. माझंच चुकलं गं. उद्याचे पाच होते."

तिने डोळे मिटले. कठड्यावरची बोटं पांढरी पडली. तो आणखी काही बोलणार तोच ती म्हणाली, "गिऱ्हाइकांना आयुष्यभर उद्या या, उद्या या करत आलात. आज मलाही तेच."

सिस्टर सुई भरायला वळली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "पाचला."

"आता कशाला थांबतेस? तो काही येत नाही."

"मला ठाऊक आहे."

तासभर ती कण्हत राहिली आणि तो तिचा हात धरून बसला. मनगटावरचं घड्याळ त्याने काढून खिशात टाकलं होतं. भिंतीवरचं मात्र तिला समोरच दिसत होतं. बरोबर पाचला तिने स्वतःच बाही वर केली.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "आई पाचपर्यंत जागी होती."