टॉवेल वाळत घालायचं रेलिंग

चर्चच्या पायऱ्यांना रेलिंग बसवतो असं वेल्डर म्हणाला, त्याला वर्ष झालं. रेलिंग केव्हाचंच तयार होतं, पण समोरच्याच त्याच्या दुकानात त्यावर टॉवेल वाळत होते. लहानपणी त्याला प्रार्थना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी पायऱ्या चढवेनात म्हणून उपासनेला येणंच सोडलं. “प्रभू, बाईंना आमच्यात परत आण,” पाळकांनी आजही प्रार्थना केली. मंडळी आमेन म्हणाली; वेल्डरच्या घशात मात्र ते अडकलं. प्रभू काय येऊन ड्रिल चालवणार? तो ताडकन उठला. बायकोनं बाही धरली. “अहो, आज रविवार, विश्रांतीचा दिवस! उद्या करा.” “उद्या उद्या करतच वर्ष घालवलं. खड्ड्यातलं मेंढरू काढायला प्रभू सोमवारची वाट बघत नाही.” भर प्रवचनात बाहेर ड्रिल घरघरलं. प्रवचन सोडून पाळकांनीच येऊन रेलिंगचं दुसरं टोक धरलं. वेल्डरनं रेलिंग गदगदा हलवून पाहिलं. तसूभरही हललं नाही. “आमेन,” तो म्हणाला.