फरसाणाच्या दुकानावरचा क्लब

“माइकवरून ओरडला होतात तुम्ही माझ्यावर,” तेजस्विनी म्हणाली. “सगळ्यांदेखत.”

मंदारचा पोह्यांचा चमचा बशीतच राहिला. मुलगी बघायला गेल्यावर काय काय विचारायचं, हे आईने त्याला उधन्यापर्यंतच्या रिक्षात पढवून ठेवलं होतं. मुलगीच काही सुनावेल, हे त्यात नव्हतं. थोरल्यांनी ‘जरा मोकळेपणाने बोला’ म्हणून दोघांना गॅलरीत पाठवलं होतं आणि दार मात्र अर्धं उघडं ठेवलं होतं.

“मी? कुठे?”

तिने दाराकडे बघून आवाज खाली आणला. “फरसाणाच्या दुकानावर.”

एवढं पुरे होतं. सुरतेत फरसाणाची दुकानं पैशाला पासरी, पण दर रविवारी दुपारी ज्याच्या माडीवर हाऊस म्युझिक वाजायचं असं दुकान एकच, बन्सीलालशेठचं. बिनशब्दांचं, एकाच ठोक्यावर चालणारं, एक रेकॉर्ड संपायच्या आत दुसरीत मिसळून जाणारं ते संगीत मंदार वाजवायचा. रेकॉर्डी शेठचा भाऊ लंडनहून आणायचा. गुजरातच तो, दारूचं नाव नाही. लिंबूसोडा, आणि खालून येणारा पापडीच्या तळणाचा वास. दिवेलागणीला सगळं बंद, कारण मुलींना घरी पोचायचं असे. चौऱ्याण्णव साली प्लेग आला, निम्मं शहर गाठोडी बांधून पळालं. माणसं परतली, क्लब काही परतला नाही. आता तिथे साड्यांचं गोडाऊन होतं आणि मंदार कडोदऱ्याच्या बँकेत क्लार्क होता. त्यानंतर आजवर त्या जागेचं नाव त्याच्यापाशी कोणी काढलं नव्हतं. घरात तर तो विषयच वर्ज्य.

“कशासाठी ओरडलो?”

“आम्ही मैत्रिणी गोल करून टाळ्या देत फिरत होतो. तुम्ही रेकॉर्डच थांबवलीत. म्हणालात, ये गरबा नहीं है, बहेन! गोल तोडो!”

मंदारला हसू फुटलं. किती वैतागायचा तो! परदेशात म्हणे जो तो आपला आपला नाचतो. इथे जरा ठेका धरला की मुलं गोल करणारच, आणि नवागामची खानदेशी पोरं त्या गोलात घुसून वरातीत नाचल्यासारखे हात उंचावणार.

“आता कोणी गोल केला ना,” तो म्हणाला, “तर दिवसभर वाजवीन.”

मग दोघांना काही धरबंदच राहिला नाही. डाव्या बाजूचा तो फाटका स्पीकर तिला आठवत होता. त्याच्यासमोर उभं राहिलं की दात वाजायचे. चपला जिन्यावर काढाव्या लागायच्या, तेही आठवत होतं.

“माझी एक जोडी गेली तिथे. आईला सांगितलं, देवळातून गेली.”

पगार, बदली, स्वयंपाक, पत्रिका, कशाचंही नाव निघालं नाही. आतून हाक आली तेव्हा मंदारला वाटलं, आत्ताच तर बसलो होतो. ही मुलगी आपल्याला हवी, हेही त्याला तेव्हाच वाटलं.

तेजस्विनीचा चेहरा मात्र उतरला. “आत काही बोलू नका हं. बाबांना वाटतं, मी रविवारी शॉर्टहँडच्या क्लासला जायचे. कळलं तर माझं काही खरं नाही.”

“तुमचं नाव माझ्या तोंडून येणार नाही.”

आत तिचे वडील श्रीकांतराव खुर्चीत ताठ बसले होते. मराठी शाळेत गणित शिकवायचे, आणि बघायचेही असे की समोरच्याला आपलं उत्तर चुकलंय असंच वाटावं.

“काही छंद वगैरे?” त्यांनी मंदारला विचारलं.

“छे हो!” मंदारची आई मंगलाबाईंनी परस्परच उत्तर दिलं. “बँक भली नि घर भलं. आमच्या मंदारला कसलं म्हणून वेड नाही.”

याआधी दोन ठिकाणी हेच वाक्य झालं होतं आणि मंदारने मुकाट्याने मान डोलावली होती. आजही डोलावली असती तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. पण आत्ताच गॅलरीत ती माडी पुन्हा गजबजली होती. ती माडी नाकारायला त्याची जीभ रेटेना. स्थळ हातचं जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

“वेड होतं,” तो म्हणाला. “नोकरी लागायच्या आधी मी एका डान्स क्लबमध्ये रेकॉर्डी वाजवायचो. दर रविवारी. अजून आठवण येते. फार येते.”

त्याच्या वडिलांनी घसा खाकरला. मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. कपबशा गोळा करणारी तेजस्विनी जागच्या जागी थांबली.

श्रीकांतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने सावकाश पुसला.

“बन्सीलालकडे ना?”

मंदार दचकला. हे नाव तर त्याने घेतलंच नव्हतं. “हो,” तो म्हणाला, आणि मोठ्या निश्चयाने तेजस्विनीकडे बघायचं टाळलं.

“शेवटचं गाणं फार लांबवायचात हो तुम्ही,” श्रीकांतराव म्हणाले. “मी आपला समोरच्या फुटपाथपाशी स्कूटरवर बसलेलो. ही रिक्षात बसल्याशिवाय मला निघता यायचं नाही.”