आईच्या लॅपटॉपचा कॅमेरा

बायको गेल्याचं त्यानं परदेशातल्या लेकीला फोनवरच कळवलं. त्यानंतर महिन्याभरानं, त्याला बघता यावं म्हणून, ती फोनवरून सांगत त्याच्याकडून आईच्या लॅपटॉपचा कॅमेरा दुरुस्त करून घेत होती. “आईनं अख्ख्या शाळेला कॉम्प्युटरवर लिनक्स शिकवलं, तुम्हाला तेवढं सोडून. सांगते तसं टाइप करा, बाबा.” तो दमून एकेक अक्षर शोधत राहिला. दुखणं किरकोळ आहे, कॅमेरा बिघडलाय, असं आई जाण्याआधी सहा महिने लेकीला सांगायची. “तेव्हाच हे केलं असतं, तर तिचं तोंड तरी दिसलं असतं,” लेक म्हणाली. लेकीनं सांगितलेली फाइल त्यानं उघडली. आत कॅमेरा बंद ठेवणाऱ्या एका ओळीशेजारी बायकोची टीप होती, ‘डोक्यावरचे केस परत येईपर्यंत कॅमेरा बंद.’ “काही सापडलं का, बाबा?” “छे गं. डोळे शिणले. उद्या बघू.” या गोष्टीला आठवडा झाला. ती ओळ त्यानं अजून काढलेली नाही, आणि लेकीला खरं सांगायचंही राहिलंय.