तोंड समोर ठेवून

"वहिनी, आधी तो टीव्ही बंद करा," धनश्री म्हणाली. मग तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. आबांनी वर पाहिलं, तशी ती खुर्ची ओढून उजेडात, त्यांच्या समोर बसली.

आबांच्या दोन्ही कानांत मशिनं होती. या खेपेला धनश्रीने नगरहून एक छोटा माईकही आणला होता. बोलणाऱ्याने तो गळ्याशी अडकवायचा. मग तो लांब असला तरी त्याचे शब्द थेट आबांच्या कानात.

"हा लाव, दादा."

"मी काय कीर्तनाला उभा हाय?" अंगद पाठमोराच गाठोडं आवळत राहिला. उद्या पहाटे ऊसतोडीची गाडी पाथर्डीतून निघणार होती. "आबा आमच्यासंगं येत्याल. कोपीत ऱ्हात्याल."

आबांना ते ऐकू गेलं नाही. बायडाबाई होती तोवर ती नवऱ्याच्या कानाशी ओरडून सगळं सांगायची. ती गेल्यापासून या घरात त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं.

धनश्रीने माईक स्वतःच्या ओढणीला लावला. हिरवा दिवा लागला.

"आबा, दादा तुम्हाला फडावर न्यायचं म्हणतोय." सावकाश, छोटी वाक्यं. "तिथं थंडी. पाचटाची कोपी, झोपडीच ती. तुम्ही माझ्याकडे चला. नगरला, नागापूरला. कायमचं."

"तुज्या घरात?"

"माझ्या घरात. काय म्हणाले मी, सांगा बरं."

"तुज्या घरात." आबांचे डोळे भरून आले. "जावयाला चालंल?"

"चालेल."

"मंग येतो."

अंगद थबकला. काहीतरी पुटपुटला आणि गाठोड्यातून आबांची घोंगडी काढून बाजूला ठेवली.

"यांना फोन करून येते," म्हणत धनश्री अंगणापलीकडे लिंबाखाली गेली. पाठ फिरवून बराच वेळ बोलत होती. आबा दारात बसून होते. मध्येच त्यांनी कानाला हात लावला आणि तो तसाच ठेवला.

ती परतली तेव्हा ते उठले. घोंगडी पुन्हा गाठोड्यात कोंबली. मग मघाशी तिने केलं होतं तसंच केलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला उजेडात आणलं, तोंड समोर ठेवलं. ओढणीवरचा हिरवा दिवा अजून जळत होता.

आबांनी दोन्ही मशिनं काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आश्रमात सोडल्यावर काडून घेनार हुतीस नव्हं?" ते सावकाश म्हणाले. "आत्ताच घे."