यशवंतचा आवाज

भिवाजीनं टेपचं झाकण उघडलं, हेडवरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि कॅसेट पुन्हा लावली.

"माय, मी यशवंत बोलून राह्यलो..."

मागं तीच खरखर.

"आता आलं का ऐकू?" रेणुकानं सासूच्या कानाशी वाकून विचारलं.

"बोलते हे समजते," सोजरबाई म्हणाल्या. "काय बोलते, ते नाई समजत."

यशवंत दुबईला गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. आदिलाबादजवळच्या बेला गावातून एवढ्या लांब जाणारा तो पहिलाच. निघायच्या दिवशी गावानं हार घालून, वाजतगाजत त्याला बसपर्यंत सोडलं होतं. सोजरबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. सुट्टीवर परतणाऱ्या कामगारांच्या हाती ती आदिलाबादला नागोरावाकडं यायची. नागोराव यशवंतचा लहानपणचा दोस्त. बाजाराच्या दिवशी तो कॅसेट घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि फार न बोलता उठायचा.

रेणुका गावातल्या मराठी शाळेत शिकवायची. तिला नवऱ्याचं बोलणं जेमतेम समजायचं. पण सोजरबाईंचे कान मंद होत चालले होते. आवाज वाढवला की खरखरही वाढे आणि मुलगा तिच्यात बुडून जाई. तरी म्हातारी टेपला कान चिकटवून तासतासभर बसायची.

"हे कशाचं वाजते वं मागं?"

"तिकडं वाळूचं वारं सुटते म्हणतात, आत्याबाई."

भिवाजीनं टेप बाजूला ठेवला. गावातले रेडिओ, पंखे, मोटारी, सगळं तोच दुरुस्त करायचा.

"बाई, हेड आता साफ हाये. याचा स्पीकरच लहान पडते. मोठा आणून मडक्यावर बसवू."

त्यानं तसं केलं. कुंभाराकडून चांगलं मोठं मडकं आणलं, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला. आवाज भारदस्त झाला. सोजरबाईंनी थोडा वेळ ऐकलं आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या.

"हा विहिरीत पडला काय? विहिरीतून बोलून राह्यला!"

त्या दिवशी रेणुका खूप हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं डब्यातले साठवलेले पैसे मोजले.

घरावर नवे पत्रे टाकायचं ठरलं होतं. तिनं ते पुढं ढकललं. दिवाळीच्या सुट्टीत ती भिवाजीला घेऊन आदिलाबादला गेली. डेक आणला, ॲम्प्लिफायरचे सुटे भाग आणले. भिवाजीनं तीन आठवडे बसून ते जोडले, सागाच्या फळ्यांची दोन खोकी केली आणि त्यात स्पीकर बसवले. शेजारपाजारच्या बायका येऊन पाहून जायच्या. दुबईचा पैसा, म्हणायच्या.

पुढच्या बाजाराला नागोराव चौथी कॅसेट घेऊन आला. भिंतीशी ठेवलेली दोन खोकी पाहून तो दारातच थांबला.

"एवढं काऊन केलं, वैनी? साधा टेप बरा होता."

"आत्याबाईंले ऐकू येत नाई ना, भाऊजी. बसा. तुमी बी ऐका आज."

"नाई, बस चुकंल माही."

बसला अजून दीड तास होता. त्यानं कॅसेट रेणुकाच्या हातात दिली आणि चहा न घेताच तो गेला.

रविवारी दुपारी भिवाजीनं तारा जोडल्या. सोजरबाई धुतलेलं लुगडं नेसून खोक्यासमोर बसल्या. रेणुकानं कॅसेट डेकमध्ये सरकवली.

"माय, मी यशवंत बोलून राह्यलो."

खोलीत तो येऊन बसला असावा, असा आवाज होता. सोजरबाईंचा हात छातीशी गेला.

"सर्दी झाली त्याले," त्या हळूच म्हणाल्या. "नाकात बोलून राह्यला पोरगा. रेणुके, तुले आलं काय ऐकू?"

"आलं, आत्याबाई."

रेणुकानं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. भिवाजीही खूश झाला होता.

"थांबा, अजून थोडा ट्रेबल देतो," तो म्हणाला. "बोलणं एकीकडं आन् खरखर एकीकडं, अशी वेगळी होईन."

त्यानं बटण फिरवलं.

"इथं समदं बरं हाये," यशवंत सांगत होता. "मालक चांगला हाये. फक्त घर लई दूर, माय. मधात समुद्र हाये. नाईतर तुले भेटाले आलो नसतो काय?"

सोजरबाईंनी स्पीकरच्या कापडावर तळहात ठेवला आणि मान डोलावली.

रेणुका त्याच्या आवाजामागचं ऐकू लागली. ती खरखर वाऱ्याची नव्हती. एक जुनं इंजिन धडधडत होतं, कुणीतरी पत्र्यावर थापा मारत होतं, आणि बसचा कंडक्टर लोकांना चढा म्हणून घसा फोडून तेलुगूत ओरडत होता, "गुडीहत्नूर, आदिलाबाद! एक्कंडी, एक्कंडी!"