बाबांची धून

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या इलाबरोबर तिच्या शेजारच्या लूथर आजोबांकडे गेला आहात. इलाच्या हातात ट्रम्पेट आहे. नव्वदीतले आजोबा तिला आपल्या बाबांची धून गुणगुणून दाखवत आहेत. बाबा जॅझ वाजवायचे. १९४३ साली महायुद्ध चालू होतं, त्यात वादकांनी रेकॉर्डिंग न करण्याचा संप पुकारला होता. त्यामुळे धुनेची रेकॉर्ड निघालीच नाही. पुढे बाबा युद्धावर गेले, ते परतले नाहीत. आता ती धून फक्त आजोबांना येते.

अर्ध्यावरच आजोबा थांबले. "पुढचं आठवत नाही गं."

इलाने सुरुवात वाजवली आणि पुढे सुचेल तसं वाजवलं.

"अशी नव्हती," आजोबा म्हणाले.

इलाने ट्रम्पेट खाली ठेवला. "सॉरी, मिस्टर लूथर. मी बिघडवली. खरी कशी होती?"

आजोबा विचार करत राहिले आणि एकदम हसले.

"खरी? अगं, बाबा पुढचा भाग रोज वेगळाच वाजवायचे! आई चिडायची, म्हणायची, एकदाचं काय ते ठरवा."

इलाने ट्रम्पेट उचलला आणि धून पुन्हा पहिल्यापासून वाजवली, या वेळी आणखी वेगळी.