हलणारी रेघ

रेघ हलली.

वायरताई यंत्राच्या पडद्याकडे झुकली. डोक्यांना वायरी लावून मेंदूचे आलेख काढण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, म्हणून सगळा विभाग तिला याच नावाने हाक मारायचा. आज डॉक्टरांना तिच्याकडून फक्त शेवटची खात्री हवी होती. रेघा सपाट राहिल्या, की कॉटवरच्या तरुणाचं श्वासाचं यंत्र काढायचं.

नियमाने त्याच्या वडिलांना बाहेर बसवायला हवं होतं. पण मुलाच्या दाट केसांत तारा चिकटवताना भांग त्यांनीच पाडून दिले होते. त्यांचं सलून होतं.

"हात थरथरायला लागला तशी गिऱ्हाइकं पळाली," ते म्हणाले होते. "हा एकटाच डोकं द्यायचा. एकदा अर्धी भुवई उडवली मी. म्हणतो कसा, बाबा, फॅशन आहे!"

त्यानंतर त्यांना बाहेर जा म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

"या तारांतून करंट देता का त्याला?" त्यांनी विचारलं होतं.

"देत नाही, काका, टिपतो. मेंदूतल्या पेशींत क्षार आत-बाहेर होतात, त्यातून इवलीशी वीज उठते आणि एका पेशीकडून दुसरीकडे धावते. खूप पेशी एकदम बोलल्या, की त्यातलं थोडंसं डोक्यावर पोचतं."

"आणि बोलल्याच नाहीत तर?"

तिने यंत्राची बटणं नीट करायला घेतली होती.

आता त्या सपाट रेघांवर लहानशा लाटा उठत होत्या. एकामागून एक. मध्येच त्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा ठसठशीत.

"काका, बघताय ना?" पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

मागे श्वासाच्या यंत्राचा भाता वरखाली होत होता.

डॉक्टरांना बोलावायला तिने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. लाट दिसली की आधी ती कुठून येते ते शोधायचं, ही तिच्या कामाची शिस्त. यंत्र एवढं हळवं केलं, की कॉटला लागलेला धक्काही त्यात उमटतो. तिने सलाईन पाहिलं. श्वासाची नळी पाहिली. तारा चाचपल्या. लाटा तशाच, एका ठेक्यात. मेंदू सहसा इतका ठेका धरून बोलत नाही.

ती वळली. काका उशाशी स्टुलावर बसले होते. त्यांचा उजवा हात उशीवर होता, मुलाच्या केसांना टेकलेला.

"काका, हात जरा उचला."

"राहू दे की. काय बिघडतंय?"

"उचला ना."

त्यांनी वेळ घेतला. हात वर आला आणि हवेत थरथरत राहिला. पडद्यावरच्या सगळ्या रेघा सपाट झाल्या.

ताईला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे. हात लावू नका, हे मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला उगाच वाटलं असेल, की तो..."

"नाही वाटलं," काका म्हणाले. "मघाशी चष्मा पुसायला हात काढला, तेव्हा रेघ थांबली. तेव्हाच कळलं. म्हणून तर परत ठेवला."